कामावरील वरिष्ठांशी ख्रिस्ती मनुष्याचे वर्तन

मंडळीत व घरी करावयाचा शास्त्राभ्यास

वाचावयाचा भाग: दानीएल १:३–१६. पाठ करावयाचे वचन: नीतिसूत्रे २५:१५.



कापसाची वेचणी आटोपली आणि शेतातील काम उणे झाले म्हणजे आमच्या खेड्यांतील कितीतरी तरुण नागपूरची वाट धरतात. कोणी बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्यात लागतो, कोणी उमरेडच्या बाजूस कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली राहतो, कोणी मनसरला मँगनीजच्या खाणीवर जातो, कोणी काटोलकडे संत्र्यांच्या तोडणीस, तर कोणी सहकुटुंब वीटभट्टीवर. गावी असता त्यांच्यावर आईबापांची व मंडळीची दृष्टी असते. कामावर गेल्यावर मात्र दिवसाचा बहुतेक वेळ एका परक्या मनुष्याच्या नजरेखाली जातो. त्यास कोठे मुकादम म्हणतात, कोठे सुपरवायझर, कोठे नुसते साहेब. त्याची मर्जी असली तर काम सुखाचे होते, आणि ती गेली तर चुलीवरची भाकर जाते.

अशा मनुष्याशी प्रभूच्या शिष्याने कसे वागावे, असा प्रश्न उपदेशकांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते, की वरिष्ठांच्या आज्ञेत राहा. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे; आणि अपुरे उत्तर कधी कधी खोट्याइतकाच अपाय करते. कारण आज्ञेत राहणारे लोक आम्ही दोन प्रकारचे पाहतो. एक समोर 'हो साहेब, हो साहेब' म्हणतात आणि चहाच्या टपरीवर त्याच साहेबाची निंदा करतात. दुसरे भीतीने मुके होतात, आणि डोळ्यांदेखत चाललेला अन्याय पाहून त्या मुकेपणालाच नम्रता म्हणतात. शास्त्र ह्या दोघांपैकी एकासही मान देणारा म्हणत नाही. वरिष्ठाचा खरा मान म्हणजे त्याचे काम मनापासून करणे, आणि जे त्यास सांगावयाचे ते नम्र वाणीने, त्याच्या तोंडावर, खरे सांगणे. हाच आजच्या पाठाचा सारांश होय.

१. मान देणे वेगळे, जन्माने वाकणे वेगळे

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांस गावात केवळ जन्मामुळे खाली पाहून चालावे लागले. पाटलाच्या ओसरीखाली उभे राहावयाचे, लांबून जोहार घालावयाचा, बोलावणे आले की हातातली भाकर ठेवून वेठीस जावयाचे, आणि संध्याकाळी जे पदरात पडेल ते घेऊन मुकाट्याने परतावयाचे. अशा घरातील मनुष्यास उपदेशक जेव्हा सांगतो की धन्याचा मान राखा, तेव्हा त्याच्या कानास तोच जुना जोखड ऐकू येतो. ह्या शंकेबद्दल कोणी त्यास हसू नये व दोषही देऊ नये. ती त्याच्या आजोबांच्या पाठीवरून आलेली आहे.

परंतु शास्त्रात जो मान सांगितला आहे त्याचे मूळ निराळे आहे. पहिल्याच अध्यायात (उत्पत्ति १:२७) सर्व मनुष्ये देवाच्या प्रतिरूपाची आहेत असे सांगितले आहे. तेथे मुकादम व मजूर असा भेद नाही. मग मुकादमास जो मान द्यावयाचा तो त्याच्या जातीचा नव्हे, तर त्याच्या हाती सोपविलेल्या कामाचा. उद्या तेच काम आपल्या हाती आले तर तोच मान आपल्यास मिळावा, असा तो मान आहे.

हा भेद ओळखण्यास एक उदाहरण घ्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांस विणकाम खात्यात घेत नसत, आणि त्या खात्यात मजुरी अधिक मिळत असे. कारण असे दिले जाई की धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, आणि त्यामुळे इतरांस विटाळ होतो. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. आता विचार करा: ह्या चालीस मान देणे हा गिरणीच्या कामाचा मान झाला असता काय? नाही. सूत चांगले निघावे ह्याच्याशी त्या चालीचा काहीच संबंध नव्हता. ती कामाची शिस्त नव्हती, तर गावचा जुना अपमान गिरणीत येऊन बसला होता. त्याविरुद्ध बोलणे हे उद्धटपण नव्हते.

कोणी म्हणेल की पौलाने व पेत्राने दासांस सोसण्यास सांगितले आहे (इफिस ६:५–९, १ पेत्र २:१८). होय, सांगितले आहे. परंतु ते ज्यांस लिहीत होते ते विकत घेतलेले लोक होते. त्यांस काम सोडून जाण्याची मुभा नव्हती व दाद मागण्यास जागा नव्हती. तशा स्थितीतही त्यांचे काम प्रभूसाठी केलेले गणले जाते, हे समाधान त्या पत्रांत आहे. आमची स्थिती तशी नाही. आपल्या देशात १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली, आणि १९७६ च्या कायद्याने कर्जापायी मनुष्यास कामास बांधून ठेवण्याची पद्धत रद्द ठरविली. जो देवाने व कायद्याने मोकळा केला त्याने मोकळ्या मनुष्याप्रमाणेच मान द्यावा.

पौलाने स्वतः तसेच केले. त्यास फटके मारण्यास बांधले असता आपण रोमी नागरिक असल्याचे त्याने शताधिपतीस शांतपणे विचारून दाखविले (प्रेषितांची कृत्ये २२:२५). आणि दुसऱ्याच दिवशी, समोर मुख्य याजक आहे हे न समजून कठोर शब्द गेला, तेव्हा कळताच त्याने तो दुरुस्त केला (२३:५). हक्क सांगणारी जीभ आणि चूक कबूल करणारी जीभ एकाच मनुष्याच्या मुखात होती. तशीच ती आमच्या मुखात असावी.

२. दानीएलाचा कित्ता

आता मुख्य भागाकडे वळू. दानीएल व त्याचे तीन सोबती यरुशलेमेतून बाबेलास नेलेले बंदिवान होते. राजाने त्यांस शिक्षणास ठेवले, त्यांची नावे बदलली, आणि आपल्या पंक्तीचे अन्न व द्राक्षारस त्यांस लावून दिला. ते अन्न घेतल्याने आपण विटाळू असे दानीएलास वाटले. तो काय करतो ते पायरीपायरीने पाहा.

पहिली पायरी, त्याने मनात निश्चय केला (१:८). जिभेच्या आधी मन ठरले. पुष्कळ लोकांचे ह्याच्या उलट होते; आधी भांडण होते आणि आपण कशासाठी भांडलो हे मागाहून शोधावे लागते.

दुसरी पायरी, त्याने विनंती केली. ताट लाथाडले नाही, आणि वरकरणी खाऊन गुपचूप टाकूनही दिले नाही. जे मनात होते ते मुख्य अधिकाऱ्यासच जाऊन सांगितले.

तिसरी पायरी, त्याने अधिकाऱ्याचे ऐकून घेतले. हा अधिकारी वाईट मनुष्य नव्हता. त्याच्या मनात दानीएलाविषयी ममता होती, असे ९ वे वचन सांगते. तरी त्याने होकार दिला नाही. का? मुले रोडावलेली दिसली तर राजा आपले शिर घेईल, ही त्यास भीती होती. येथे वाचकांनी थांबून विचार करावा. ज्यास आपण साहेब म्हणतो त्याच्याही डोक्यावर कोणी आहे. त्यासही महिनाअखेरीचा हिशेब द्यावयाचा असतो, त्यासही बोलणी खावी लागतात. त्याच्या नकारात पुष्कळदा दुष्टपण नसते, भीती असते. ती भीती ज्यास दिसली त्यास अर्धे उत्तर सापडले.

चवथी पायरी, त्याने भीतीवर उपाय काढला. खालच्या कारभाऱ्याकडे जाऊन तो म्हणाला की दहाच दिवस आम्हांस शाकभाजी व पाणी देऊन पाहावे. कायमची मागणी केली नाही, परीक्षा मागितली. आणि तीही अशी की तिच्यात वरिष्ठाचे नुकसान होऊ नये.

पाचवी पायरी, निर्णय त्याने कारभाऱ्यावर सोडला. आमची तोंडे पाहा आणि मग योग्य दिसेल ते करा, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. येथे वरिष्ठाचा मान पुरा राखला गेला, आणि दानीएलाचा निश्चय तसूभरही ढळला नाही.

तथापि प्रत्येक विनंती अशी मान्य होईलच असे शास्त्र म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात सोन्याच्या मूर्तीपुढे पडण्याची आज्ञा झाली तेव्हा त्या तिघा सोबत्यांस दहा दिवसांची परीक्षा मागण्यास जागाच नव्हती. त्यांनी नाही म्हटले व भट्टीस तयार झाले. परंतु नाही म्हणतानाही राजास त्यांनी राजाच म्हटले, शिवी दिली नाही. ज्याने लहान गोष्टींत विनंती करण्याचा अभ्यास केला आहे, त्याचेच मोठ्या प्रसंगीचे 'नाही' वजनदार होते.

३. नागपूरच्या गिरण्यांपासून घ्यावयाचा बोध

आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींस एम्प्रेस मिलची आठवण असेल. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीस ते नाव पडले. ती आता बंद झाली आहे. परंतु खेड्यातला मनुष्य घड्याळाच्या व वरिष्ठाच्या हुकमतीखाली काम करावयास नागपुरात प्रथम मोठ्या संख्येने शिकला तो अशा गिरण्यांत.

त्या काळी आपल्या देशातील गिरण्यांत मजुराचा खरा धनी मालक नसे, तर मुकादम असे. त्यास जॉबरही म्हणत. तोच माणसे भरती करी, तोच काढून टाकी, आणि काम देण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी पैसे घेई. मजूर त्यास समोर नमस्कार करीत व मागे शिव्या देत. त्याने काहीच बदलले नाही. बदल झाला तो निराळ्या रीतीने. १९२९ साली जे. एच. व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी शाही कमिशन नेमण्यात आले. त्याच्यापुढे मालकांच्या साक्षी झाल्या, तशा मजुरांच्या व त्यांच्या संघांच्याही झाल्या. १९३१ च्या अहवालात कमिशनने सांगितले की माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबराच्या हाती ठेवू नये, आणि त्या कामास निराळा अधिकारी नेमावा. जी गोष्ट कुजबुजीत वर्षानुवर्षे सडत होती, ती योग्य दारी, उजेडात, पुराव्यासह सांगितली गेली तेव्हा ऐकली गेली.

कामाच्या तासांचेही तसेच. कारखान्यातील प्रौढ कामगाराच्या आठवड्यास १९२२ च्या कायद्याने ६० तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ती ५४ वर आणली, आणि १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने ४८ वर. ही उतरण एका रात्रीत झाली नाही. तिच्यामागे अर्ज होते, सभा होत्या, संप होते. नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी रामभाऊ रुईकर हे १९४८ साली स्थापन झालेल्या हिंद मजदूर सभेचे पहिले अध्यक्ष झाले, इतके ह्या शहराच्या कामगारांच्या बोलण्यास वजन आले होते. म्हणून संघात सामील होणे किंवा सर्वांनी मिळून मागणे करणे हे ख्रिस्ती मनुष्यास वर्ज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्याने तेथेही खोटा आरोप करू नये, यंत्राची नासधूस करू नये, आणि जो सोबती आपल्याशी सहमत नाही त्याच्या अंगावर हात टाकू नये.

४. रोजचे तीन प्रसंग

आता हा बोध रोजच्या कामास लावून पाहू.

खोटी हजेरी. समजा, दहा तास काम करून हजेरीपुस्तकात आठ लिहिले आहेत आणि मुकादम म्हणतो, सही कर. किंवा डोक्याचे टोप दिलेच नाहीत आणि मिळाले म्हणून अंगठा मागतो. येथे गप्प राहून सही करणे हा मान नव्हे. ती खोटी साक्ष आहे. परंतु चारचौघांत पुस्तक फेकणेही योग्य नव्हे. प्रभूने मत्तय १८:१५–१७ मध्ये अपराध करणाऱ्या भावाशी वागण्याचा जो क्रम सांगितला आहे, तो येथेही उपयोगी पडतो. प्रथम एकांतात सांगावे: "साहेब, इतर काम सांगा, ते करतो, पण जे झाले नाही त्यावर माझी सही नको. उद्या अपघात झाला तर तुम्हीही अडकाल." ऐकले नाही तर दोघातिघांस बरोबर घेऊन त्याच्या वरच्याकडे जावे, आणि तेथेही दाद नसेल तर सरकारी कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. त्यासाठी प्रत्येकाने आपले दिवस व तास रोजच्या रोज एका वहीत लिहून ठेवावेत. ज्यास लिहिता येत नाही त्याची वही उपदेशकाने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाने लिहावी. नम्र वाणीस लिहिलेला हिशेब मिळाला म्हणजे तिची शक्ती दुप्पट होते.

प्रभुवार. पाळीचे काम असले म्हणजे रविवारी सुटी मिळेलच असे नाही. शनिवारी रात्री उशिरा सुटी मागणे आणि न मिळाल्यास न सांगता गैरहजर राहणे, ह्याने मंडळीचे नाव जाते. दानीएलाप्रमाणे आधी उपाय काढावा. दिवाळीस किंवा पोळ्यास सोबत्याची पाळी आपण उचलावी, आणि रविवारच्या सकाळची आपली पाळी त्याने घ्यावी, असे ठरवून मग दोघांनी मिळून साहेबास विचारावे. एवढे करूनही एखाद्या रविवारी जावे लागले तर मन खात बसू नये. संध्याकाळी घरच्यांसह प्रार्थना करावी.

अपशब्द. मऊ उत्तराने राग शमतो (नीतिसूत्रे १५:१), हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने घेऊन पाहावा. साहेब तापला असता त्याच क्षणी हिशेब करू नये. काम पुरे करावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावे की चूक असेल तर दाखवा, मी सुधारीन. परंतु आईवरून बोललात ते मनास लागले. आणि ती गोष्ट टपरीवर नेऊ नये. पाखरूदेखील बोलणे पोहोचविते, असा इशारा उपदेशकाच्या पुस्तकात आहे (१०:२०), आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात बोलणे टिपून घेणारे यंत्र आहे.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कामावरील बाईच्या अब्रूवर कोणी हात घातला, मग तो कितीही मोठा साहेब असो, तर तिला सोसण्याचा उपदेश कोणीही करू नये. योसेफाने पोटीफराचे काम प्रामाणिकपणे केले, परंतु पापाची मागणी झाली तेव्हा तो वस्त्र टाकून पळाला (उत्पत्ति ३९:१२). २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी अशा तक्रारीसाठी समिती असली पाहिजे, आणि इतरांसाठी जिल्ह्याची समिती असते. मंडळीतील वडील बायांनी अशा बहिणीबरोबर स्वतः जावे. तिला एकटे सोडून तिच्यासाठी नुसती प्रार्थना करणे हे अर्धे काम आहे.

५. जे स्वतः वरिष्ठ झाले त्यांस

देवाच्या कृपेने आता आमच्यातीलही काहीजण मुकादम, पर्यवेक्षक व ठेकेदार झाले आहेत. त्यांस दोन शब्द. बवाज शेतावर आला तेव्हा त्याने प्रथम कापणी करणाऱ्यांस आशीर्वादाचे शब्द उच्चारले (रूथ २:४). गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २४:१४–१५). आणि अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते व ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाने लिहिले आहे (५:४).

एम्प्रेस मिलचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आले होते; सुताच्या धंद्याचा त्यांस पूर्वानुभव नव्हता, आणि तो त्यांस तेथेच शिकावा लागला. ज्यास शिकावे लागले आहे त्यास हाताखालच्या माणसाचे ऐकण्याची लाज वाटू नये. त्या गिरणीत १८८६ साली पेन्शनचा फंड निघाला, आणि १८९५ साली अपघातात जखमी होणाऱ्यांस भरपाई देणे सुरू झाले. तशी भरपाई सक्तीची करणारा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला, म्हणजे २८ वर्षांनी. कायद्याची वाट न पाहता न्याय करणे हे वरिष्ठाचे भूषण आहे. कफर्णहूमचा शताधिपति स्वतः हुकमाखाली होता आणि त्याच्याही हुकमाखाली शिपाई होते; तरी आपल्या आजारी दासासाठी त्याने प्रभूकडे माणसे पाठविली (लूक ७:१–१०). ज्याचा स्वर्गात धनी आहे (कलस्सै ४:१), त्याने पृथ्वीवर तसेच धनीपण करावे.

उपदेशक बंधूंनीही स्वतःस तपासावे. पाळकासमोर गोड आणि पाठीमागे कडू बोलणारा उपदेशक गिरणीतल्या मजुरास हा पाठ कोणत्या तोंडाने शिकविणार?

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. दानीएलाच्या पाच पायऱ्यांपैकी कोणती पायरी आपण बहुधा चुकतो?
२. आपल्या मुकादमास किंवा साहेबास कोणाची भीती आहे? ती जाणून आपली मागणी कशी मांडता येईल?
३. ह्या आठवड्यात वरिष्ठाविषयी जे आपण मागे बोललो, ते त्याच्या तोंडावर नम्रपणे बोलता आले असते काय?
४. आपल्या मंडळीतून कामासाठी गेलेल्या कोणास सध्या एकट्याने अन्याय सोसावा लागत आहे? त्याच्याबरोबर कोण जाईल?

चवथ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी ठरल्यावाचून सभा उठू नये, अशी आमची विनंती आहे.